दुधाआधी पाणी

मुक्या जीवांची राखण करणाऱ्याला एक दृष्टी प्राप्त होते. ज्याला सांगता येत नाही त्याचे दुःख चालीवरून, कानांच्या गारठ्यावरून, लोकरीच्या उतरलेल्या तेजावरून ओळखावे लागते, आणि तसे ओळखता येणे हे त्या माणसाचे पुण्यच म्हणावे. परंतु ह्या दृष्टीला एक दोषही चिकटतो. घरातल्या माणसाला वाचा आहे, दुखले तर ते सांगेल, अशी समजूत होऊन बसते; आणि बोट ठेवून दाखवावे असे नेमके काही दुखतच नसले, म्हणजे त्याच्या थकव्याला आळसाचे नाव मिळते. ज्या घराची ही हकीकत आहे तेथे दुष्ट असे कोणी नव्हते. तरीही एका सुनेवर तेथे तीन ऋतू अन्याय होत राहिला.

टेकडीच्या पायथ्याशी ते घर होते. पुढे अंगण, अंगणाला लागून दगडी भिंतीचा मेंढवाडा, आणि त्याच्या एका अंगाला व्यायला आलेल्या मेंढ्यांसाठी पत्र्याची पडवी. दीडशे मेंढ्यांचा कळप म्हाताऱ्या मेंढपाळाने उभा केला होता. थोरला मुलगा कळपामागे फिरे. धाकटा ट्रकवर होता आणि महिन्यातून चार दिवस घरी येई. दोन्ही सुना मेंढवाड्यातच राबत. त्यांतही अडलेल्या मेंढीला हात घालण्याचे काम थोरलीचे. तिचा पंजा लहान, बोटे लांबट आणि समजूतदार. पंधरा वर्षांत तिने शेकडो कोकरे ह्या जगात सुखरूप ओढून आणली होती. घरात तिचा जो काही मान होता तो ह्या हातामुळे होता, आणि हे तिलाही ठाऊक होते.

उन्हाळा सरता सरता तिला प्रथम थकवा जाणवू लागला. झोपून उठावे तो पुन्हा झोप डोळ्यांवर यावी. हिवाळा लागला तेव्हा तर थंडी तिच्या हाडांत जाऊन बसली. अंगावर दोन शाली घेऊन ती दुपारी दक्षिणेच्या भिंतीला टेकून बसे. काम टळत नसे, पण जे तासात व्हावे त्याला दोन तास लागत.

"मेंढ्यांची राखण आम्ही करतो," म्हातारा मोठ्याने म्हणे, "आणि सूनबाई उन्हाची राखण करतात."

नवऱ्याला वेगळेच कोडे पडले होते. "अगं, खातेस चिमणीएवढं, मग फुगतेस कशानं?" तो एकदा तिच्या बोटात रुतलेल्या अंगठीकडे पाहत म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण दोन दिवस ती कोणासमोर जेवायला बसली नाही.

मग तिचा आवाज गेला. सकाळी फाटक उघडून 'ये, ये, ये' अशी चढत्या स्वरांची साद ती घाली, आणि कान फाटलेली एक जाणती मेंढी मान उचलून निघाली की सारा कळप तिच्यामागे चालू लागे. एका सकाळी तिने साद घातली आणि कानफाटीने मान वर केली, पाहिले, व पुन्हा गव्हाणीत तोंड घातले. दुसऱ्यांदा साद घातली तर तेवढेही नाही.

"ताई, गळ्यात बेडूक बसलाय का?" धाकटी जाऊ पाठीमागून म्हणाली. "कानफाटी तुम्हाला ओळख दाखवायला तयार नाही."

"सर्दी असेल."

"सर्दी आहे तर नाक कुठं गळतंय? महिना झाला हिला येऊन. पाहुणी म्हणायची की सवत?"

थोरली हसली. हसण्यालाही तिला अलीकडे वेळ लागे. शेवटी धाकटीने साद घातली, तेव्हा कळप निघाला.

मेंढ्यांचे वेत सुरू झाल्यावर एका पहाटे, नुकते फटफटत असताना, एक पहिलटकरीण अडली. भिंतीवर पांढरे दव गोठले होते. थोरलीने गरम पाण्याने हात धुतले, कोपरापर्यंत तेल चोपडले आणि ती पेंढ्यावर गुडघे टेकून बसली. म्हाताऱ्याने मेंढीचे डोके मांडीवर धरले होते; थोरला मुलगा आणि धाकटी जाऊ बाजूला उभी होती.

आत दोन खूर लागले. पुढचे की मागचे, हे सांध्यांवरून कळते. पुढच्या पायाचे खालचे दोन्ही सांधे एकाच बाजूला दुमडतात, मागच्याचे एकमेकांच्या उलट. थोरलीला हे विचार करून कधी ठरवावे लागले नव्हते. बोटे परस्पर सांगत. त्या पहाटे बोटांनी काहीच सांगितले नाही. जाड कापडातून चाचपावे तसे सारे बोथट लागत होते.

"पुढचे आहेत," ती म्हणाली. "डोकं मागं वळलंय."

पुढच्या पायांसोबत डोके यायला हवे. ती ते शोधत राहिली. मेंढी कळ देई, तिचा हात आवळला जाई, आणि ती पुन्हा शोधू लागे. बराच वेळ गेला. अखेर म्हाताऱ्याने तिला बाजूला सारून स्वतःचा दांडगा हात कसाबसा आत घातला.

"मागचे पाय आहेत हे," तो म्हणाला. "सरळ ओढायचं होतं."

त्याने ओढून काढलेले कोकरू पूर्ण वाढीचे होते. पेंढ्याने चोळले, नाकपुडीत फुंकले, तरी ते हलले नाही. मेंढी वळून त्याला चाटत राहिली.

"पंधरा वर्षं काय शिकलीस?" म्हातारा हात धुताना एवढेच म्हणाला, आणि मग मुलाला, तिच्यादेखत: "उद्यापासून धाकटी हात घालेल."

"मामंजी, माझा हात म्हणजे फावडं आहे," धाकटी म्हणाली. "मेंढी उठून पळेल."

"निभाव एवढं वेत. आणि तू," तो मुलाकडे वळला, "वसंतात कळप टेकडीवर निघाला की हिला माहेरी पोचव. वर बसून राहणारं माणूस नको."

मुलगा पाण्याची बादली उचलून बाहेर गेला. थोरली मेलेल्या कोकराशेजारी बसून आपली बोटे एकेक करून दाबून पाहत होती.

माहेर तिला परके नव्हते. पण हौसेने जाणे वेगळे, आणि उपयोग संपला म्हणून पोचवले जाणे वेगळे. त्या दिवसापासून तिने शाली टाकल्या आणि भिंतीला टेकणे सोडले. सर्वांच्या आधी उठून ती गव्हाणी झाडू लागली. झाडू हातातून गळून पडे. ती उचली, पुन्हा झाडू लागे. गारठ्याने तिचे ओठ काळेनिळे पडत. ते कोणी पाहिले नाही.

म्हाताऱ्याला एक जुनी सवय होती. दुपारी मेंढवाड्याच्या भिंतीवरून चालत तो खडबडीत दगडांना अडकलेले लोकरीचे पुंजके वेचून खिशात भरी. पुढच्या आठवड्यात तो दक्षिणेच्या भिंतीपाशी आला. जेथे थोरली पाठ टेकून बसत असे तेथे दगडाच्या फटीत एक काळा पुंजका होता. त्याने तो ओढला आणि अंगठ्याखाली चोळला. लोकर नव्हती ती. हातभर लांब केस होते, कोरडे, गवतासारखे. खालच्या फटीत आणखी एक पुंजका होता. त्याखाली आणखी एक.

म्हातारा तेथेच दगडावर बसला. मेंढीची लोकर अशी झडली तर काय पाहायचे, हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. कान गार आहेत का. कळपापासून दूर उन्हात उभी राहते का. चाल मंदावली का. साद घातली तर कशी ओरडते. एकेका प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आधीच होते. गेले कित्येक महिने ते डोळ्यांसमोर असून त्याने ते थट्टेत खर्चून टाकले होते.

"पोरी," त्याने हाक मारली, "जरा इकडं उजेडात ये."

थोरली झाडू घेऊनच आली. सुनेच्या चेहऱ्याकडे निरखून पाहण्याचा त्या घरात रिवाज नव्हता. पंधरा वर्षांत म्हाताऱ्याने तो पाहिलाच नव्हता म्हटले तरी चालेल. आता त्याने पाहिला. डोळ्यांखाली सूज, कातडी मेणासारखी, आणि भुवया अर्ध्यावर संपलेल्या, बाहेरचा भाग कोणी पुसून टाकावा तशा.

"मान वर कर. हात लावून पाहतो. मेंढीला लावतो तसाच."

"तसाच लावा मामंजी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "निदान लावा तरी."

त्याची दोन बोटे तिच्या गळ्याच्या खालच्या बाजूस टेकली. तेथे एक घट्ट, रबरासारखा उंचवटा होता. मग त्याने मनगट धरले. दीडशे मेंढ्यांच्या छातीला हात लावलेल्या त्या माणसाला एक ठोका आणि पुढचा ठोका यांमधले अंतर फार वाटले.

"खाणं कसं आहे? आणि लेंड्या... म्हणजे..." तो थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "धाकटे, तू विचार."

धाकटी गव्हाणीपासून धावत आली. तिने कानाशी लागून विचारले आणि उत्तर म्हाताऱ्याला ऐकू जाईल असे सांगितले, "चार-चार दिवस होत नाही म्हणतात."

म्हातारा उठून उभा राहिला. "ही लक्षणं कानफाटीला असती तर पहिल्याच दिवशी वेगळी बांधून घेतली असती मी."

"ताईंना दोन पाय कमी पडले," धाकटी म्हणाली.

ह्या बोलण्यावर त्याने तिला रागवायला हवे होते. तो म्हणाला, "खरं आहे."

बाजाराच्या गावी सरकारी दवाखाना होता. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी रक्त घेतले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले. त्या दिवशी थोरलीबरोबर नवरा होता, आणि कोणी न सांगता म्हाताराही आला होता.

"गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते," डॉक्टरीणबाईंनी समजावले. "अंगातली ऊब, छातीचे ठोके, पोट, केस, सगळ्याची गती तिच्या रसावर चालते. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, आपल्या राखणदारच म्हणा. यांच्या राखणदारांनी त्या ग्रंथीलाच परकं समजून हल्ला चढवलाय. ती खंगली, रस कमी पडला, म्हणून सगळी गती मंदावली."

म्हातारा पुढे सरकला. "माझ्याकडं असं एक कुत्रं होतं. चांगलं राखणीचं. एक दिवस कळपातल्याच मेंढ्या तोडायला लागलं."

"अगदी तसंच. मग काय केलंत त्याचं?"

"बांधून ठेवलं. मरेपर्यंत खायला घातलं."

"हे कुत्रं बांधता येत नाही, आजोबा. पण ते जे तोडतं तेवढं आपण रोज बाहेरून भरून काढू शकतो. एक गोळी, सकाळी, रिकाम्या पोटी. रोज, आणि जन्मभर. एवढं केलं तर या तुमच्या-माझ्यासारख्या राहतील."

थोरलीने आपल्या मनातले एकच विचारले. "माझी बोटं बधिर होतात. त्याचं काय?"

"तेही यातलंच. मनगटात सूज आली की आतली शीर दाबली जाते. बोटांना धड कळत नाही."

"म्हणजे ते कोकरू," नवरा म्हणाला आणि थांबला.

कोणते कोकरू हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हते. पण थोरलीने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि ती त्यांच्याकडे पाहत राहिली. बऱ्याच दिवसांनी दोषमुक्त होऊन परतलेल्या कोणाकडे पाहावे तशी.

पश्चात्तापाला शब्द फुटत नाहीत तेव्हा तो हातांवाटे बाहेर पडतो. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सर्वांच्या आधी उठू लागला. चांगल्या दुभत्या मेंढीखाली बसून तो एक वाटी दूध काढी, आणि ते दाट, फेसाळ, कोमट दूध स्वतः थोरलीपुढे धरी. "गोळी घे," म्हणे, आणि ती गिळून वाटी रिकामी होईपर्यंत तेथेच उभा राही. एक दिवस चुकला नाही. ज्या सासऱ्याने पंधरा वर्षांत सुनेला पाण्याचा पेला दिला नव्हता तो दूध घेऊन उभा आहे, हे पाहून थोरली ती वाटी घोटघोट करून सावकाश रिकामी करी.

दीड महिना झाला. वेत सरत आले. सूज तशीच, गारठा तसाच, अंगठी रुतलेलीच. पुन्हा रक्त दिले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून कपाळाला आठी घातली. "फारसा फरक नाही. गोळी चुकते का?"

"एकही नाही," थोरली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. कळप टेकडीवर निघायला दोन महिने उरले होते, आणि तो बेत रद्द झाल्याचे घरात अजून कोणी म्हटले नव्हते.

शेजारी पट्टी गुंडाळत बसलेल्या वयस्कर नर्सबाईंनी मान वर केली. "कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर."

"रिकाम्या पोटी सांगितलं होतं ना?"

"रिकाम्याच पोटी घेते ती," म्हातारा अभिमानाने म्हणाला. "मी स्वतः देतो. अन्नाचा कण पोटात नसतो. फक्त दूध."

"दूध पोटात गेलं की पोट रिकामं राहिलं का?"

"दूध म्हणजे काय खाणं झालं?" म्हातारा खरोखरच चकित झाला. "आमच्याकडं दुधाशिवाय औषध देतच नाहीत. कोकराला, मेंढीला, माझ्या आईलासुद्धा तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत."

"या गोळीचं दुधाशी पटत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "दूध तिला धरून ठेवतं, अंगात उतरू देत नाही. चहाचंही तेच. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर काही नाही. आजोबा, एका हातानं दिलंत आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलंत तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली आणि कागदावर पाण्याच्या पेल्याचे चित्र काढले. परतीच्या वाटेवर म्हातारा तो कागद हातात धरून पुढे चालत होता. मग म्हणाला, "दोनदा चुकलो. एकदा न पाहून, एकदा फार करून."

"दुसरी चूक मला गोड लागली, मामंजी," थोरली मागून म्हणाली. "रोज सकाळी."

दुसऱ्या पहाटे म्हातारा तांब्याभर पाणी घेऊन उभा राहिला. गोळी घेऊन झाली तेव्हा त्याने दुधाची वाटी झाकून कट्ट्यावर ठेवली आणि शेजारी बसून घेतले. ऊन भिंतीच्या तिसऱ्या दगडावर आले की मग दूध, असे त्याने ठरवले होते.

"घरात घड्याळ आहे, मामंजी," धाकटी म्हणाली.

"घड्याळ दुधावर लक्ष ठेवत नाही. मांजर आहे घरात."

दिवस लांबले तसा त्याला तिसऱ्याचा दुसरा दगड करावा लागला, पण वाटी तासाआधी कोणी उघडली नाही.

बरे होणे तिच्याकडे हळूहळू, घरातल्या माणसासारखे चपला काढून आत आले. तिसऱ्या आठवड्यात एक शाल गळाली. पोट सुधारले. एका सकाळी भांडी घासताना तिच्या ध्यानात आले की बोटातली अंगठी फिरते आहे. तिने ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. कपाळावर आखूड, उभे, काळे केस फुटले.

"कातरणीनंतरच्या मेंढीसारख्या दिसताय," धाकटीने सांगितले.

"मग मला आता चार पाय आले म्हण," थोरली म्हणाली, आणि हसायला तिला वेळ लागला नाही.

त्या वर्षी कानफाटी सर्वांत शेवटी व्यायली. टेकडीवर निघायच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, ती पडवीत आडवी झाली आणि अडली. धाकटीने हात घालून पाहिला व लगेच मागे घेतला.

"आत नुसता पायांचा गुंता आहे. मोजले तर पाच भरतील. ताईंना बोलवा."

थोरली दारात उभीच होती, पण पुढे आली नाही. तिने म्हाताऱ्याकडे पाहिले. तो कानफाटीचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

"माझ्याकडं काय बघतेस?" तो म्हणाला. "हात धू."

तिने हात धुतले, तेल लावले, गुडघे टेकले. डोळे मिटले. एक पाय लागला. सांधा दुमडला, खालचा सांधा त्याच बाजूला दुमडला. पुढचा. दुसरा पाय लागला. एक सांधा इकडे, एक तिकडे. मागचा. तिने बोटे त्या पायावरून वर नेली, मांडीपर्यंत, आणि तेथे तो दुसऱ्याच अंगाला मिळत होता.

"दोन आहेत," ती म्हणाली. "एक पाय एकाचा, एक दुसऱ्याचा. दोघं एकाच दारातून निघालेत."

"मग?"

"एकाला थांबवते."

तिने कळ ओसरायची वाट पाहिली, मागचा पाय अलगद आत सारला, पहिल्याचा दुसरा पुढचा पाय शोधून सरळ केला, आणि पुढच्या कळेबरोबर ओढले. काळ्या तोंडाचे कोकरू पेंढ्यावर आले आणि शिंकले. दुसरे मागच्या पायांनीच येत होते. ह्या खेपेस तिने डोके शोधले नाही. दोन्ही पाय धरून एका दमात सरळ खाली ओढले. ते आधी निपचित पडले. मग धाकटीने पेंढ्याने खसाखसा चोळताच त्याने तोंड उघडून बारीक आवाज काढला.

कानफाटी वळून दोघांना आळीपाळीने चाटू लागली. म्हातारा तिचे डोके सोडायचे विसरला होता.

संध्याकाळी अंगणात बसून तो मुलाला म्हणाला, "टेकडीवर तुम्ही दोघं जा. मी आणि धाकटी इथं बघतो. गोळ्यांची डबी तिच्या गाठोड्यात वर ठेव, हाताला लागेल अशी. आणि वर झऱ्याचं पाणी आहे, ते चालेल का विचारून ठेवलंय मी नर्सबाईंना."

"आणि माहेरी पोचवायचं म्हणाला होता ते?" मुलाने विचारले.

म्हाताऱ्याने थोरलीकडे पाहिले. "परत आली की चार दिवस जाऊन येईल. तिला वाटलं तर. पोचवायला मी जाईन."

आठवड्याने सकाळी फाटक उघडले. थोरलीच्या खांद्यावर गाठोडे होते, त्यात डबी. गोळी घेऊन झाली होती, दूधही झाले होते. तिने साद घातली. आवाज पूर्वीइतका मोठा नव्हता. शेवटच्या स्वरावर तो किंचित चिरला. कानफाटीने मान उचलली, पाहिले, आणि दोन्ही कोकरांना अंगाशी घेऊन चालू लागली. तिच्यामागे सारा कळप टेकडीच्या वाटेला लागला.

म्हातारा फाटकापाशी उभा होता. त्याच्या हातात रिकामा तांब्या होता.

ज्यांना बोलता येत नाही त्यांना पाहणारे डोळे लाभोत, आणि ज्यांना बोलता येते पण सांगता येत नाही, त्यांनाही. चुकलेल्या हातांना पुन्हा काम मिळो. त्या टेकडीवर ह्या वर्षी गवत उदंड उगवो, आणि रोज सकाळी, दुधाआधी, त्या माउलीला घोटभर निर्मळ पाणी मिळो.